६०-७० च्या वेगाला गाडी थरथरते : गिअरबॉक्सच आहे का?

भटकभवानी

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, सहा गिअरची ऑटोमॅटिक, साधी टॉर्क कन्व्हर्टरवाली. नव्वद हजार किलोमीटर उलटून गेलेत. काही आठवड्यांपासून ६० ते ७५ च्या दरम्यान, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलकाच असताना गाडी थरथरते. दोन-तीन सेकंद घर्रर्र, मग थांबते. खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. हलका चढ असला की हमखास. पाय जोरात दाबला की गिअर खाली पडतो आणि गाडी काही झालंच नाही अशी पळते. उभी असताना इंजिन शांत. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

सर्व्हिसवाल्यांनी एक चक्कर मारली आणि "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" सांगून मोकळे झाले. स्कॅनरसुद्धा लावला नाही. मला पटत नाहीये, कारण गिअर पडताना झटका नाही, उशीर नाही, रिव्हर्समधून डी मध्ये टाकताना धक्का नाही. उतरवण्याआधी आपलं आपण काय काय तपासता येईल?

घाईत_नसलेला

आधी सोपं बघा. व्हील बॅलन्सिंग कधी केलंय? माझ्या गाडीला असंच व्हायचं, शिसं लावून घेतलं, गेलं.

खटपट्या

बॅलन्सिंग वाटत नाही. चाकाला अ‍ॅक्सिलरेटर कळत नाही, वेग तेवढा कळतो. चाक दोषी असेल तर ७० ला पाय दाबा, सोडा, न्यूट्रल करा, थरथर राहणारच. यांची तर पाय दाबल्यावर जाते.

मला हा लॉकअपचा प्रकार वाटतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एरवी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फक्त तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो, ते तेल पलीकडचा पंखा फिरवतं. यात घसरण होते आणि इंधन वाया जातं. म्हणून गाडीने वेग धरला की आतला एक क्लच लागतो आणि दोन्ही बाजू थेट जोडल्या जातात, हाच लॉकअप. तेल जुनं झालं, त्यातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की तो क्लच अलगद न धरता धर-सोड करायला लागतो. तीच तुमची घर्रर्र.

तपासायची युक्ती सांगतो. मोकळा सरळ रस्ता, मागे कोणी नाही. थरथर सुरू झाली की उजवा पाय आहे तिथेच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक हलकेच टेकवा, मागचे दिवे लागतील इतकाच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतो. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा किंचित वर जाईल. त्याच क्षणी थरथर बंद झाली तर चोर सापडला.

जुना_पाना

युक्ती चांगली आहे, पण डाव्या पायाला ब्रेकची सवय नसते हो. क्लच दाबायच्या जोराने दाबला तर सगळे काचेवर जातील. आधी रिकाम्या मैदानात सवय करून घ्या, भटकभवानी. आणि शेजारी कोणाला तरी बसवा, काट्याकडे त्याने बघायचं, तुम्ही रस्त्याकडे.

त्या युक्तीतून निघणाऱ्या निष्कर्षाबद्दल मला बोलायचंय, पण आधी तुमचं उत्तर येऊ द्या.

संशयात्मा

गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय? "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही" असं ऐकवलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ, ते कुणीच सांगत नाही.

भटकभवानी

कधीच बदललेलं नाही. अगदी हेच ऐकवलं होतं :)

अ‍ॅक्सलराव

सीव्ही जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे, विसरू नका. बाहेरचा जॉइंट गेला की स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट आवाज येतो, तो सगळ्यांना माहीत असतो. आतला, गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट झिजला तर सहसा तसा आवाज येत नाही. गाडी ओढ घेताना डावी-उजवी हलते, पाय सोडला की थांबते. लोक त्यालाही गिअरबॉक्स समजतात. गाडी वर घेऊन रबरी बूट फाटलेत का, ग्रीस उडालंय का ते बघा.

जुना_पाना

अ‍ॅक्सलराव, मुद्दा बरोबर, पण आतल्या जॉइंटला जितका जोर द्याल तितकी थरथर वाढते. यांची जोर दिल्यावर जाते. बूट मात्र बघाच, फुकटचं काम आहे.

भटकभवानी

बूट शाबूत आहेत, ग्रीस कुठे दिसलं नाही.

ब्रेकची चाचणी भावाला शेजारी बसवून केली. काटा १५०० वर होता, ब्रेक टेकवल्यावर १७०० च्या आसपास गेला आणि थरथर तत्क्षणी बंद. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तेच. म्हणजे कन्व्हर्टरच ना?

खटपट्या

झालं तर मग. आधी तेल बदला, गिअरबॉक्स उघडू नका. नुसत्या तेलाने बऱ्याच गाड्या सुधारतात. एक लक्षात ठेवा, खालचा बोल्ट काढला की सगळं तेल निघत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावं लागतं. तेल पुस्तकात लिहिलंय त्याच दर्जाचं टाका, "सगळ्याला चालतं" वालं नको.

जुना_पाना

थांबा जरा. याच निष्कर्षाबद्दल बोलायचं म्हणालो होतो.

ब्रेक टेकवल्यावर थरथर गेली, यावरून लॉकअप लागलेला असतानाच ती *जाणवते* एवढंच सिद्ध होतं. ती लॉकअपच्या क्लचमधून *येते* हे सिद्ध होत नाही. लॉकअप लागला की इंजिन चाकांशी थेट बांधलं जातं. इंजिन जे काही वेडंवाकडं करील ते सरळ तुमच्या सीटपर्यंत पोचतं. लॉकअप सुटला की मध्ये तेलाची गादी येते, आणि आरपीएम वाढल्यामुळे दर ठोक्याला इंजिनावर पडणारा भारही कमी होतो. म्हणजे इंजिन मिसिंग करत असेल (एखादा सिलिंडर पेटायचा चुकत असेल) तरी ब्रेक टेकवल्यावर ते गायब होणारच! लोक इथेच फसतात. कन्व्हर्टर बदलून बसतात आणि थरथर आहे तिथेच.

आता तुमची लक्षणं पुन्हा वाचा. टॉप गिअर, कमी आरपीएम, हलका चढ. इंजिनाला सगळ्यात कष्ट इथेच पडतात. सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगला ते व्होल्टेज पुरवणारी कॉइल अशक्त झाली असेल किंवा प्लगमधलं अंतर झिजून वाढलं असेल तर ठिणगी नेमकी इथेच चुकते. उभ्या गाडीत इंजिनावर भारच नसतो, म्हणून तिथे शांत. पाय जोरात दाबल्यावर गिअर खाली पडतो, इंजिन वरच्या आरपीएमला जातं, तिथे निभावून नेतं.

चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणून मिसिंग नाही, असं समजू नका. क्रँकशाफ्टचा वेग प्रत्येक ठोक्याला किती कमी-जास्त होतो यावरून संगणक मिसिंग मोजतो. ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर मोजून ठेवतो, पण दिवा लावत नाही.

घाईत_नसलेला

म्हणजे दोन्हींत फरक करायचा कसा? सीटवर बसून तर सारखंच लागणार.

जुना_पाना

सीटवर बसून नाहीच कळत. हे गणित बघा. चाकाचा परीघ साधारण १.९ मीटर धरला तर ७० च्या वेगाला चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं. टॉपमध्ये इंजिन १५०० वर, म्हणजे सेकंदाला २५ फेरे. चार ठोक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे एक सिलिंडर चुकत असेल तर धक्के सेकंदाला साडेबारा. दहा आणि साडेबारा. हाताला, पाठीला यातला फरक कळणं अवघड आहे. म्हणून तर मिसिंगवाली गाडीही बॅलन्सिंगवाल्याकडे जाते आणि बॅलन्सिंगची गरज असलेली गिअरबॉक्सवाल्याकडे.

पण वेग तोच ठेवून एक गिअर खाली टाकला तर चाकाचे दहा दहाच राहतात आणि इंजिनाचे बदलतात. भटकभवानी, गाडीत मॅन्युअल मोड असेल तर ७० लाच पाचवा टाकून बघा. मग पाचव्यातच वेग कमी करत १५०० पर्यंत आणा आणि हलक्या चढावर थोडा पाय द्या. थरथर कुठे येते, कुठे जाते ते सांगा.

संशयात्मा

फोनमध्ये कंपन मोजणारी अ‍ॅप्स असतात, त्यांच्यावरून दहा की साडेबारा ते कळेल ना?

जुना_पाना

कळू शकेल. फोन सीटच्या पटरीला घट्ट बांधा, हातात धरू नका. सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसणार नाही, पण आपल्याला बघायचंय ते त्याच्या बरंच खाली आहे. वेग मात्र काटेकोर स्थिर हवा. चढ-उतारावर आलेख पसरट होतो आणि प्रत्येकाला त्यात हवं ते दिसतं.

नवशिक्या_९

मध्येच घुसतो, माफी. माझी एएमटी आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी मान हलवते. हापण गिअरबॉक्सचा दोष का?

खटपट्या

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी मशीन टाकतं. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते, ती जाणवणारच. तो स्वभाव आहे. गिअर पडायच्या वेळी पाय किंचित सैल केला की निम्मा झटका जातो. आधी नव्हता आणि आता वाढलाय, असं असेल तर क्लच प्लेट किती झिजली ते बघावं लागेल. स्कॅनरने क्लचचा धरायचा बिंदू पुन्हा शिकवता येतो. ते केलेलं नसेल तर आधी तेवढं करून घ्या. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

भटकभवानी

केलं.

७० ला पाचव्यात : थरथर जवळजवळ नाही. चौथ्यात अजिबात नाही. मग पाचव्यात वेग कमी करत १५०० वर आणला, चढावर थोडा पाय दिला, आणि आली की परत! तेव्हा वेग ६० च्याही खाली होता. म्हणजे चाकं सुटली आरोपातून?

जुना_पाना

चाकं सुटली. पण कन्व्हर्टर अजून पूर्ण सुटला नाही, कारण पाचव्यातही लॉकअप लागतोच. पारडं इंजिनाकडे झुकलंय इतकंच.

आता ओबीडीला (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटला) लागणारं छोटं यंत्र मिळवा, ब्लूटूथवालं चालेल. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, प्रत्येक सिलिंडरची मिसफायर म्हणजे मिसिंगची मोजणी. दुसरी, टॉर्क कन्व्हर्टरची घसरण, म्हणजे इंजिनाचा आरपीएम आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा आरपीएम यांतला फरक. ही दुसरी सगळ्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, गाडीनुसार बदलतं. लॉकअप लागल्यावरही अनेक गाड्या थोडी घसरण मुद्दाम ठेवतात, त्यामुळे आकडा शून्य नसला तरी घाबरू नका. थरथरीच्या वेळी घसरण वर-खाली नाचत असेल तर क्लच दोषी. घसरण स्थिर आणि मिसफायरची मोजणी चढतेय, तर गिअरबॉक्सला हात लावायचा नाही.

अ‍ॅप चालू असताना फोन दुसऱ्याच्या हातात.

संशयात्मा

पी०७०० वगैरे कोड निघाले तर?

जुना_पाना

पी०७०० म्हणजे "गिअरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचंय" एवढंच, खरा कोड त्या दुसऱ्या संगणकात बघावा लागतो. पी०७४१ म्हणजे लॉकअप हवा तसा लागत नाही. पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरांत मिसिंग, आणि पी०३०१ पासून पुढे शेवटचा अंक त्या-त्या सिलिंडरचा. यांच्याकडे बहुधा काहीच निघणार नाही, म्हणून मोजणी बघायला सांगतोय.

भटकभवानी

कोड एकही नाही. घसरण अ‍ॅपमध्ये दिसली, १० ते २५ च्या आत, थरथरीच्या वेळीही तेवढीच. मिसफायर : १, २ आणि ४ शून्य. तीन नंबर चढत जातोय, आणि गाडी घर्रर्र करते तेव्हाच. भावाने तर ओरडून आकडे सांगायला सुरुवात केली.

खटपट्या

मानलं, जुना_पाना. तेल बदलायचा सल्ला मागे घेत नाही, नव्वद हजारांना ते बदलायलाच हवं. पण या रोगावर ते औषध नव्हतं.

जुना_पाना

नव्वद हजारांचं बरोबरच आहे.

भटकभवानी, लगेच कॉइल विकत आणू नका. इंजिन बंद, थंड. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावा, एकची तीनवर. आकडा एकवर सरकला तर कॉइल. तीनवरच राहिला तर प्लगांची तशीच अदलाबदल. तरीही तीनवरच राहिला तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. कॉइलचा रबरी बूट काढल्यावर उजेडात वाकवून बघा, बारीक चीर किंवा पांढरट-काळी रेघ असेल तर ठिणगी प्लगमध्ये जायच्याऐवजी तिथून बाहेर पळतेय. दमट हवेत हा प्रकार वाढतो.

प्लग काढणार असाल तर अंतर फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा. आणि बसवताना हाताने फिरवत नेऊन मग पान्याने पुस्तकातल्या ताकदीइतकेच आवळा. वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर आजचं दुखणं बरं म्हणायची वेळ येईल.

हे सगळं होईपर्यंत चेक इंजिनचा दिवा *लुकलुकायला* लागला तर पाय काढून घ्या आणि गाडी फार दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

अ‍ॅक्सलराव

धागा वाचनखुणेत टाकला. एक भर घालतो, इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार. ते गेलं तर थरथर उभ्या गाडीत येते. डी मध्ये ब्रेक दाबून उभे असताना स्टिअरिंग आणि आरसा थरथरतो, न्यूट्रल केलं की थांबतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून कोणीतरी डी-आर-डी करावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचललं जातं ते बघावं. समोर उभं राहायचं नाही, कितीही विश्वासू ड्रायव्हर असला तरी. काही माउंटिंगमध्ये आत तेल भरलेलं असतं, ते गळून काळा ओघळ आलेला असेल तर वेगळी चाचणी लागत नाही.

भटकभवानी

कॉइल एकवर टाकली, आकडा एकवर सरकला. बुटाला खालच्या टोकाशी चीर आहे, फोटो काढला तर दिसतसुद्धा नाही, वाकवल्यावरच दिसली. प्लग चारही काढले. अंतर १.४ मिमीच्या आसपास, पुस्तकात १.१ लिहिलंय. चारही प्लग आणि ती एक कॉइल नवी टाकली.

घर्रर्र पूर्ण गेली. त्याच चढावर, टॉपमध्ये, १५०० वर, काही नाही. मोजणी चारही शून्य. गिअरबॉक्सचं तेलही खटपट्यांनी सांगितलं तसं दोन टप्प्यांत बदलतेय. पहिल्या वेळी निघालेलं तेल तपकिरी होतं, जळका वास मात्र नव्हता.

सर्व्हिसवाल्यांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "हो, कधी कधी असंही असतं."

संशयात्मा

वा! "कधी कधी असंही असतं" हे त्यांच्या पाटीवर लिहायला हवं.

नवशिक्या_९

अभिनंदन ताई. माझ्या एएमटीचा धागा काढतोय.

भटकभवानी

एक राहिलंय. हे गेल्यावर लक्षात आलं की ९५ ते १०५ ला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर आहे. पाय दाबा, सोडा, काही फरक नाही. ११० ला गायब. बहुतेक आधीपासून असणार, मोठ्या घर्रर्रखाली दबून गेली होती.

घाईत_नसलेला

हे घ्या! आता तरी बॅलन्सिंग म्हणू द्या!

जुना_पाना

म्हणा, आता तुमचीच पाळी आहे. स्टिअरिंगमध्ये येतेय म्हणजे पुढची चाकं आधी बघा. मागच्या चाकांची थरथर बहुधा सीटमध्ये येते. ब्रेक लावतानाच वाढत असेल तर मात्र डिस्क बघायची, चाकं नव्हे.

भटकभवानी

ब्रेकने वाढत नाही. बॅलन्सिंग केलं, मशीनवर चारही शून्य दाखवले. कमी झाली, पण गेली नाही. मग पुढची दोन चाकं मागे टाकली. आता स्टिअरिंग शांत, सीट थरथरते.

घाईत_नसलेला

मग त्या दोनांपैकीच एक. मशीनवर शून्य आलं म्हणजे वजन सारखं वाटलंय एवढंच. टायर गोल आहे का ते मशीन सांगत नाही. चाक वर उचलून हाताने सावकाश फिरवा, शेजारी एक स्क्रू-ड्रायव्हर स्थिर धरा, टोक टायरच्या अगदी जवळ. फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. तसंच रिमच्या कडेलाही करा. टायरची फट बदलते आणि रिमची नाही, तर टायर आतून फुगलाय किंवा बराच काळ उभा राहून एका बाजूने चपटा झालाय. रिमचीच बदलते तर रिम वाकलंय. बाजूच्या भिंतीवर फुगवटा हाताला लागला तर ते टायर लगेच काढा, बॅलन्सिंगचा विषय तिथेच संपला.

भटकभवानी

डावं मागचं. रिम ठीक, टायरची फट एका जागी स्पष्ट कमी होते. भिंतीवर फुगवटा नाही. सध्या स्टेपनी लावलीय, शंभरला पाणीसुद्धा हलत नाही.

जुना_पाना

स्टेपनी त्याच मापाची आहे ना? बारीकवाली असेल तर शंभरला चालवू नका, तिच्यावरच वेगाची मर्यादा लिहिलेली असते.

भटकभवानी

त्याच मापाची आहे. उद्या टायर बघायला जातेय.